सतरा अक्षरं आणि वरची शीग

माझी बायको मला सोडून माहेरी गेली ती एका विंचवामुळे, असं गावातले लोक सांगत. विंचवाचा त्यात काहीही दोष नव्हता. तो आपला चुलीजवळच्या गोवऱ्यांवर बसला होता. मी दारात उभा होतो, मला तो स्पष्ट दिसत होता, आणि बायको पाठमोरी बसून गोवरी घ्यायला हात मागे नेत होती. अशा वेळी माणसानं काय करावं? मी बोलायला सुरुवात केली.

"काल शाळेतून येताना मापारी भाऊ मला म्हणाले," मी म्हणालो, "की यंदा थंडी लवकर पडणार. आता थंडी पडली की जमिनीतले प्राणी उबेच्या ओढीनं चुलीकडे सरकतात, हे आपल्याला ठाऊक आहेच, परंतु त्यातही जे विषारी वर्गातले..."

मी विंचवापर्यंत पोचायच्या आत विंचू तिच्यापर्यंत पोचला. ती किंचाळली. आणि मी, खोटं कशाला सांगू, वाक्य पूर्ण केलं. मग विंचवावरचे उपाय सौम्यापासून जालीमपर्यंत क्रमानं सांगू लागलो. तिसऱ्या उपायाला घरमालकीण बाई धावत आली, तिनं मला खांद्याला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

मी तेव्हा चामोर्शीकडच्या एका लहान गावात मास्तर होतो. शाळा एक, मास्तर एक, वर्ग चार. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी चांद्याचा आणि बायको वैनगंगेपलीकडची, गोंडपिपरीच्या बाजूची, सातवी झालेली. ती फार कमी बोलायची. मला वाटायचं, माझं ऐकण्यात रमलेली असते. विंचू चावल्यावर दोन दिवस ती एक शब्द बोलली नाही. भाऊबिजेला भाऊ न्यायला आला तेव्हा ट्रंक घेऊन गाडीत बसली. चार दिवसांसाठी कोणी ट्रंक नेत नाही, हे माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले.

मग तिचं कार्ड आलं. आमच्या गावाला पोस्टमन आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी यायचा आणि चिंचेखाली बसून कार्डं मोठ्यानं वाचून दाखवायचा. ज्याचं असेल त्यानं ऐकावं, ज्याचं नसेल त्यानंही ऐकावं, अशी पद्धत होती. मी शाळेत असल्यामुळे माझं कार्ड आधी सगळ्या बाजारानं ऐकलं आणि नंतर माझ्या हाती आलं. त्यात लिहिलं होतं: "विंचवाला विंचू म्हणायला शिकलात की कळवा. मी बरी आहे."

शाळेपासून घरापर्यंत मला अकरा माणसं भेटली आणि अकराही जणांनी "विंचू" एवढंच म्हणून रामराम केला. मी इतका संतापलो की तिला उत्तर म्हणून अठ्ठावीस पानं लिहिली. ती पाठवली नाहीत एवढीच त्यातली शहाणपणाची गोष्ट.

त्याच सुमारास तालुक्याला पगाराच्या कामानं गेलो असताना एका मास्तरमित्राकडे जुनं मासिक हाती लागलं. त्यात कोणा प्रवाशाचा लेख होता. जपानातले लोक म्हणे सतरा अक्षरांत अख्खी कविता करतात. पहिल्या ओळीत पाच, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच. यमक नाही, उपदेश नाही, ऋतूची एखादी खूण असली की पुरे. जे दिसलं ते सांगायचं आणि गप्प बसायचं. मला घाम फुटला. हे औषध आपल्यासाठीच निघालं आहे, अशी माझी खात्री पटली.

परत आल्यावर मी बायकोला पत्र लिहिलं. थोडक्यात लिहिण्याचं महत्त्व, जपानची भौगोलिक स्थिती, अक्षर कशाला म्हणावं, हे सगळं नीट उलगडून सांगितलं. पत्र अकरा पानांचं झालं. शेवटी नमुना म्हणून माझी पहिली कविता जोडली:

तळ्याच्या काठी
बगळा एका पायी
मासा हसतो

उत्तराला तीन आठवडे लागले. नदी ओलांडली की तिचं गाव फार लांब नव्हतं, पण टपाल मूल आणि चांद्यावरून वळसा घालून जायचं. तिचं कार्ड असं होतं: "अकरा पानं वाचली नाहीत. शेवटच्या तीन ओळी वाचल्या. मासा आवडला. मार्कंड्याच्या जत्रेला आईबाबांबरोबर येणार आहे. तोपर्यंत सतरा अक्षरांचं एक तरी कार्ड आलं तर जत्रेतून तुमच्या गाडीत बसेन. एक अक्षर जरी जास्त झालं तर बाबांच्या गाडीत."

म्हणजे महाशिवरात्रीपर्यंत मुदत होती. आणि हे कार्डही चिंचेखाली वाचलं गेलं होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माझ्या संसाराची अट पाठ झाली.

आता मापारी भाऊंबद्दल सांगायला हवं. ते माझे घरमालक. त्यांच्या पडवीलगतच्या दोन खोल्यांत मी राहत होतो, आणि बायको गेल्यापासून त्यांची बाई मला लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात घालत होती. पंचक्रोशीतल्या खळ्यांवर धान मोजायचं काम त्यांच्याकडे. ते पायली भरत, ओतत आणि मोठ्यानं आकडा घोळवत राहत, म्हणजे चुकायला नको. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नसतं, एक म्हटलं तर रास एकावरच थांबेल. म्हणून "लाभ". मग "दोन दोन दोन, तीन तीन तीन". त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण मोजणीत चुकलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणारा कोणी जन्माला आला नव्हता.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमी लिहा, मोजाचं माह्यावर सोडा."

बाईचं सूप मध्ये ठेवून आम्ही ओसरीवर बसलो. मी एकेक अक्षर म्हणायचं आणि त्यांनी सुपात धानाचा एकेक दाणा ठेवायचा. पाचांची एक ढिगली, सातांची दुसरी, पाचांची तिसरी. माझी पहिली ओळच एकदा चौदा दाण्यांची भरली.

"हे काय करून राह्यले जी? पाचच पायजे ना?"

"अहो, पण मांजर कुठून आली हे सांगितल्याशिवाय..."

"मांजर कुठून बी येते. काढा ते."

असं त्यांनी माझं एकेक विशेषण काढलं. दात काढताना दुखत नसेल इतकं दुखलं. ओसरीवर लोक जमू लागले. मासे धरणारा एक शेजारी जाळं विणता विणता म्हणाला की यात निवडणुकीचा उल्लेख हवा. बाई म्हणाली, मिरची महाग झाली आहे ते बायकोला कळवा. सगळ्यांचं घालायचं तर तीसएक पायल्या झाल्या असत्या. अखेर चार दिवसांनी हे उरलं:

खळ्यात रास
उंदीर पाहे वर
मांजर खाली

भाऊंनी तीनदा मोजलं. "लाभ, दोन, तीन, चार, पाच." सतरा दाणे, सतरा अक्षरं. मी स्वच्छ अक्षरात कार्ड लिहिलं, खाली सहीसुद्धा केली नाही, न जाणो सहीची अक्षरं मोजली तर. पोस्टमन यायच्या वेळी मी शाळेत असणार, म्हणून कार्ड भाऊंच्या हाती दिलं. त्या रात्री मी अगदी सुखानं झोपलो.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पूर्ण कोऱ्या कार्डावर मधोमध एकच शब्द होता. "अठरा."

मी वही काढून मोजलं. सतरा. उलटं मोजलं. सतरा. शाळेत चौथीच्या वर्गाकडून सामुदायिक मोजून घेतलं, सतरा. माझं डोकं तडकलं. सातवी पास बाई, आणि सतरापर्यंत आकडे येत नाहीत? मग वाटलं, 'खळ्यात'मधल्या जोडाक्षराला ती दोन अक्षरं धरत असणार. जोडाक्षर कसं मोजावं यावर मी रागारागानं लिहायला बसलो आणि सहाव्या पानावर भाऊंनी दौत उचलून नेली.

"गुरुजी, तुमाले बायको पायजे का पुस्तक पायजे?"

बायको पाहिजे होती. खरंच पाहिजे होती. दोन्ही खोल्यांत माझं ऐकायला कोणी नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ती न बोलता ज्या गोष्टी करायची, त्या सगळ्या आता होत नव्हत्या. संध्याकाळी मी घरी यायच्या वेळी ती दारातला दगड झाडून ठेवायची. दोन वर्षं मी त्या दगडावर बसून बोललो होतो आणि तो स्वच्छ कसा असतो, हे एकदाही मनात आलं नव्हतं. आता त्यावर कोंबड्या बसत.

एक गोष्ट मला तेव्हा खटकली होती. "अठरा" वाचून बाजार हळहळला, पण भाऊ मात्र खूश दिसत होते. "पावती आली," ते कोणाला तरी म्हणाले. मला वाटलं, म्हातारपण आहे.

दुसरी कविता मी एकही जोडाक्षर न घालता केली. थंडी कडाक्याची होती आणि शाळेत मी काय करत होतो ते गावाला माहीतच होतं:

थंडी पडली
पांघरून बसलो
नकाशा जुना

उत्तर आलं: "अठरा."

आता मात्र मी बाजारात उभा राहून, नदीच्या दिशेनं तोंड करून, मोठ्यानं सतरा आकडे म्हटले. भाजीवालीनं मला प्यायला पाणी दिलं. जत्रेला महिनाही उरला नव्हता. तिसऱ्या कवितेसाठी मी तळ्यावर जाऊन बसलो, तोंड मिटून, पहिल्यांदाच काही न समजावता. तासाभरात ती आपोआप सुचली आणि सुपात एकही दाणा कमीजास्त करावा लागला नाही:

म्हैस पाण्यात
पाठीवर कावळा
दोघेही गप्प

भाऊंनी दाणे पुन्हा एकदा मोजले. "हे बेस झालं," ते म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं. हे कार्ड गेलं की काम झालं, याबद्दल मला शंका नव्हती.

त्या बाजाराच्या दिवशी मी हजेरीपट घरी विसरलो. तो न्यायला मधल्या सुट्टीत आलो, चिंचेजवळून निघालो, आणि पाहतो तो काय! मापारी भाऊ पोस्टमनच्या शेजारी बसले आहेत, पोस्टमनच्या मांडीवर माझं कार्ड आहे, आणि तो जिभेला लावली की जांभळी उमटणारी आपली पेन्सिल ओली करून माझ्या कवितेपुढे काहीतरी लिहीत आहे.

मी झडप घातली. "दोघेही गप्प" याच्या पुढे जांभळ्या रंगात, ठसठशीत, एकच अक्षर लिहिलेलं होतं. "जी". समोरच्याशी आदरानं, आपलेपणानं बोलताना आमच्याकडे वाक्याच्या शेवटी लावतात तो.

"हे काय आहे?" मी ओरडलो.

"शीग," भाऊ शांतपणे म्हणाले.

शीग म्हणजे पायली काठोकाठ भरल्यावर वर जो ढीग उभा राहतो तो. भाऊंनी जन्मात कोणाला हात फिरवून सपाट केलेली पायली दिली नव्हती. माप पुरं झालं की वर ओंजळ पडलीच पाहिजे.

"मागच्या दोन्हीत पण हेच केलंत?"

"त केलं ना. सासरवाडीले सपाट माप धाडता का गुरुजी? लोक काय म्हणतीन? गावाची इज्जत हाये का नाई? सतरा त तुमचे झाले, वरतं एक गावाचं." मग जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "तिनं त दोन्ही खेपा अठराची पावती धाडली. मले वाटलं, तुमाले कळलं."

मी काय काय बोललो ते इथे देत नाही, जागा पुरणार नाही. एवढंच सांगतो की मधली सुट्टी संपली, शाळा आपोआप सुटली, मुलं घरी गेली आणि मी अजून बोलतच होतो. मापाचा कायदा, दुसऱ्याच्या कवितेत ढवळाढवळ, जपानी लोकांचा अपमान, सगळं काढलं. भाऊ ऐकून घेत होते. शेवटी उठले आणि म्हणाले, "मी आता तुमची अक्षरं मोजत नाई." आणि पागोटं झटकून निघून गेले. त्या संध्याकाळी वरण आलं, पण वाटी सपाट होती. मला ते वरण कसंबसं गिळावं लागलं.

जत्रेला आठ दिवस राहिले होते. पोस्टमन पुन्हा येणार तो जत्रेच्या आदल्या दिवशी, म्हणून नवं कार्ड वेळेत पोचणं शक्य नव्हतं. आणि माझ्या ओरडण्यानं घाबरलेल्या पोस्टमननं, हातवारे करताना मी खाली टाकलेलं ते जांभळं कार्ड थैलीत घालून केव्हाच गाव सोडलं होतं.

मार्कंड्याला मी गेलो तो भाऊंच्याच गाडीतून, कारण दुसरी गाडी नव्हती. वाटेत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. बाई मध्ये बसून दोघांना चिवडा देत होती. माझ्या खिशात म्हशीची कविता होती, स्वच्छ लिहिलेली, जी नसलेली. आणि डोक्यात खुलाशाचं भाषण तयार होतं. ते मी तिसऱ्यांदा मनात घोळवत होतो आणि दर खेपेस ते वाढत होतं.

नदीच्या वाळूत शेकडो गाड्या सुटल्या होत्या. बायको मला दिसली ती बत्तासे विकणाऱ्याच्या पालाशेजारी, हिरव्या लुगड्यात, एकटी उभी. आईबाप देवळात गेले असावेत. ती जरा वाळली होती. ती माझ्याकडे पाहत होती.

"हे बघ," मी सुरुवात केली, "त्याचं असं झालं, की मार्गशीर्षात जेव्हा पहिलं कार्ड..."

तेवढ्यात कोणीतरी पुंगी वाजवली. तिच्या मागच्या गाडीचा एक खोंड बिथरला, त्यानं दावं तोडलं आणि शिंगं खाली घालून तो सरळ तिच्या पाठीच्या रोखानं निघाला. मला तो स्पष्ट दिसत होता. तिची त्याच्याकडे पाठ होती. आणि माझ्या तोंडात मार्गशीर्ष होता.

"बैल!" मी ओरडलो.

ती टुणकन बाजूला झाली. खोंड तिच्या जागेवरून निघून गेला आणि त्या रेषेत पुढे जो माणूस उभा होता त्याला धडकला. तो माणूस मी होतो. दोन अक्षरांत काम भागवल्याच्या आनंदात मी हलायचं विसरलो होतो. मी उडालो तो बत्ताशांच्या परातीत बसलो. पालवाला मला शिव्या देत होता, त्याही आखूडच होत्या.

बायको धावत आली. माझ्या डोक्यावरचे बत्तासे झाडत तिनं विचारलं, "लागलं का जी?"

मला बोलायचं होतं. कुठे लागलं, किती लागलं, कशामुळे लागलं. पण छातीतला वारा गेला होता, म्हणून मी फक्त मान हलवली. ती हसली. मी तिला इतक्या जवळून हसताना पाहिलंच नव्हतं, कारण ती हसायची तेव्हा मी बहुतेक बोलत असे.

दुपारी ती आमच्या गाडीत बसली. ट्रंक भाऊंनी उचलून ठेवली. मला राहवेना. गाडी रस्त्याला लागल्यावर मी खिशातला कागद काढून तिच्यापुढे धरला. "हे खरं कार्ड. सतरा. तो जी माझा नव्हता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "जांभळा होता. अक्षर बी तुमचं नव्हतं."

"मग अठरा, अठरा असं का लिहिलंस? माझे सतराच होते ना!"

तिनं तो कागद घडी करून पदराला बांधला. मग हळू आवाजात म्हणाली, "मांजर होती, उंदीर होता, नकाशा होता, म्हैस होती. तिन्ही कार्डांत माझ्याशी बोललेलं तेवढं एकच अक्षर होतं. म्हणून मोजलं. वाटलं, तुमी विचारसान की अठरावं कोणतं."

मी कोणतं अक्षर म्हणून विचारलं नव्हतं. तीन महिने मी तिला मोजायला शिकवत होतो. मला एकदम रडू आलं, आणि बाईनं दुसरीकडे पाहिलं. माझ्याकडे यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तोंडातून बाहेर मात्र एवढंच पडलं:

"चुकलो जी."

पुढे धुरेवर बसलेले मापारी भाऊ आठ दिवसांत माझ्याशी बोलले नव्हते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पण कासरा धरलेल्या हाताची बोटं मला दिसत होती, ती एकेक करून मिटत होती. "लाभ, दोन, तीन, चार," ते पुटपुटले. "पाचाले एक कमी पडलं, गुरुजी."

मी गप्प राहिलो.

"चालन," भाऊ म्हणाले, आणि बैलांना हाकललं. त्यांनी कमी माप चालवून घेतलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.